आपल्या संमेलनात कोणती नाटुकली करावीत?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



संमेलनात बसवायला लहान नाटके आणि एकटीने बोलायचे प्रवेश कोणते निवडावेत, यावर मी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण दुपारची झाकपाक झाली की पुस्तक घेऊन बसायचे, ही सवय लहानपणापासूनची. आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून आहे. घरातल्या कुणाला ना कुणाला पाठवून मी तिथून पुस्तके आणवते. त्यातून जे वाचले आणि अधूनमधून जे पाहिले, तेवढ्याच भांडवलावर मी बोलणार आहे. शेवटी एक सूचना मांडणार आहे. ती काहीजणींना रुचणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणू नये की बाईने गोड बोलून गळ्यात मारली.

पहिला प्रश्न असा की लहानच नाटक का? उत्तर आपल्या सर्वांच्या घरात आहे. तीन अंकी नाटक बसवायचे म्हणजे दोन-तीन महिने तालमी. आपल्यातल्या आठजणी एका वेळी जमतील तर शपथ. एकीच्या पाण्याची वेळ, दुसरीच्या मुलाची परीक्षा, तिसरीकडे ऐनवेळी पाहुणे. पंधरा-वीस मिनिटांच्या नाटुकल्याला तीन-चारजणी पुरतात. एकटीचा प्रवेश असेल तर भाकरी थापता थापतासुद्धा पाठ करता येतो. शिवाय लहान नाटकात पाल्हाळ चालत नाही. आमटीला फोडणी द्यावी तसे ते असते. वेळ थोडा, पण चव सगळी त्यातच.

आणि नाटक म्हणजे आपल्याला परके नाही. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभे केले, त्यालाच पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखे लोक रडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्या गावात नाटकगृहासाठी डोळ्यांतून पाणी येते, त्या गावातल्या बायकांनी संमेलनात नुसत्या फुगड्या आणि उखाण्यांवर भागवू नये, असे माझे मत आहे. केशवरावांनी लहान वयात लुगडे नेसून ‘शारदा’ केली आणि नाव मिळवले. मग आपण धोतर-टोपी घालून पंत आणि राव का करू नयेत?

पंत-राव सहज तोंडात आले नाहीत. मी पहिली शिफारस करणार आहे ती दिवाकरांच्या नाट्यछटांची. दिवाकर म्हणजे पुण्याचे शंकर काशिनाथ गर्गे. ते शाळेत शिक्षक होते. १९११ पासून त्यांनी नाट्यछटा लिहिल्या, सगळ्या मिळून एक्कावन्न. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो. समोर दुसरी माणसे आहेत असे धरायचे, पण ती दिसत नाहीत आणि त्यांचे बोलणेही ऐकू येत नाही. बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून आपण त्यांचे प्रश्न ओळखायचे. फोनवर बोलणाऱ्या बाईचे एकाच बाजूचे बोलणे ऐकून आपण पलीकडे कोण आहे आणि काय झाले हे ओळखतो ना, तसेच. ‘पंत मेले – राव चढले’ ही त्यातली फार नावाजलेली. एका घरात मरण, दुसऱ्या घरात बढती. दिवाकर आपल्याकडून कुणाचा निकाल लावत नाहीत. ऐकणारी बाई घरी जाताना आपली आपण विचार करते. पाच-दहा मिनिटांचा मामला, ना पडदा, ना सामान. दिवाकर १९३१ साली गेले, त्यामुळे या नाट्यछटा करायला आता कुणाच्या परवानगीची अडचण नाही.

दुसरी शिफारस पु. ल. देशपांड्यांच्या एकांकिकांची. ‘विठ्ठल तो आला आला’ आपल्यासारख्या मंडळाला चांगली. गावातली साधी माणसे, भक्ती आणि भक्तीच्या आडून चालणारा व्यवहार, हे बघताना हसू येते आणि हसता हसता आपलेही काहीतरी उघडे पडते. पण याला परवानगी काढावी लागते. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर पत्ता असतो, तिथे महिना-दोन महिने आधी पत्र घालावे.

तिसरे नाव लक्ष्मण देशपांड्यांचे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनी १९७९ पासून एकट्याने केले. बावन्न पात्रे आणि माणूस एक. तीन तासांचा तो खेळ आपल्या आवाक्यातला नाही. पण एकटा माणूस नुसता आवाज आणि खांद्यावरचा कपडा बदलून म्हातारी, नवरदेव, व्याही कसे उभे करतो, हे तालमीआधी सगळ्यांनी एकदा बसून बघावे. सामान नाही म्हणून अडून बसायचे कारण नाही, हे त्यातून कळते.

चौथी शिफारस ‘व्हय, मी सावित्रीबाई’ची. सुषमा देशपांडे यांनी हे एकपात्री नाटक लिहिले आणि १९८९ पासून गावोगाव स्वतः केले. सावित्रीबाई आपल्यासमोर उभी राहून आपल्या संसाराची गोष्ट सांगावी तशी सगळी हकिकत सांगते. पुतळ्यातली बाई खाली उतरून शेजारी येऊन बसते. परवानगी घेऊन आपण त्यातला भाग करावा, निदान वाचावा.

सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी पुण्यात गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता. त्याच साली, त्याच प्लेगात, त्याच पुण्यात २२ जूनच्या रात्री प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर आणि आयर्स्ट नावाच्या दुसऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही मेले. पुढे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर भाऊ फाशी गेले. त्यांना आपण हुतात्मे म्हणतो, मान देतो, आणि द्यावाही. पण मला नेहमी वाटते, एकाच घरातले तीन मुलगे गेल्यावर त्या घरात चूल कुणी पेटवली असेल? त्या घरातल्या बायकांचे बोलणे मी तरी कुठल्या नाटकात ऐकलेले नाही. आणि इथूनच मी माझ्या सूचनेकडे येते.

माझी सूचना अशी, की या वर्षी आपल्या कार्यक्रमात एक तरी प्रवेश बंदुकीच्या गोळीवर असावा. थांबा, कुजबुज करू नका, आधी ऐकून घ्या. गोळी झाडणाऱ्यावर नव्हे. गोळी लागल्यानंतर जे घर मागे राहते, त्या घरावर.

बंदुकीवरची लहान नाटके म्हटली म्हणजे सगळी रडकीच असतात असे नाही. रशियाच्या चेकॉव्हने १८८८ मध्ये ‘अस्वल’ नावाची एकांकिका लिहिली. एक तरुण विधवा नवऱ्याच्या दुःखात कोंडून घेऊन बसली आहे. मेलेल्या नवऱ्याने घोड्यांच्या चंदीचे पैसे थकवलेले असतात, ते वसूल करायला एक धसमुसळा जमीनदार येतो. बोलता बोलता दोघांची अशी जुंपते की पिस्तुलांनी लढायचे ठरते. बाई नवऱ्याची पिस्तुले घेऊन येते खरी, पण ती चालवायची कशी हे तिला ठाऊक नाही. ती त्यालाच म्हणते, आधी मला शिकवा! शिकवता शिकवता गडी विरघळतो आणि गोळी काही सुटत नाही. मुख्य पात्रे तीन. आपल्याला सहज जमेल. हसून हसून पोट दुखेल, आणि हातात पिस्तूल आले तरी माणसाला शहाणपण सुचू शकते, हेही दिसेल.

आता दुसरे टोक. अमेरिकेत १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूक नावाच्या प्राथमिक शाळेत एका तरुणाने शिरून वीस मुले आणि शाळेतली सहा मोठी माणसे मारली. मुले सहा-सात वर्षांची. आपल्याकडे ज्या वयात मूल डबा न संपवता परत आणते, त्या वयाची. तिकडच्या शाळांत आता बंदूकवाला आला तर दार लावून, दिवा घालवून, गप्प कसे बसायचे याची मुलांना तालीम देतात. ती मुले मोठी झाली आणि त्यांच्यातल्या काहींनी लेखणी हातात घेतली. ‘इनफ’ म्हणजे ‘आता पुरे’, या नावाचा एक उपक्रम तिथे निघाला. शाळकरी मुलामुलींनी बंदुकीच्या हिंसेवर दहा-दहा मिनिटांची नाटुकली लिहून पाठवायची. त्यातली निवडक नाटुकली १४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे त्या शाळेच्या दुःखाच्या दिवशीच, देशभर वाचली गेली. माझ्या भाचीने मला हे सगळे अर्थ सांगून समजावले. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. नाटके पाठ करून, पोशाख करून केली पाहिजेत असे नाही. हातात कागद घेऊन वाचली तरी चालतात. ज्यांना पाठांतराची भीती वाटते त्यांच्यासाठी ही चांगली वाट आहे.

कुणी म्हणेल, अमेरिकेत घरोघरी बंदुका, आपल्याकडे कुठे? आपल्याकडे घरात बंदूक नाही, पण गोळीची झळ आपल्या घराला लागलेली आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या. त्यानंतर आपल्या कोल्हापुरात घरे जळाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्यांची घरे जळाली त्यांच्यातल्या कितीजणांनी पिस्तूल डोळ्यांनीसुद्धा पाहिलेले नव्हते. गोळी सुटली दिल्लीत आणि राख पडली कोल्हापुरात.

त्या खुनावर मारणाऱ्याच्या तोंडून बोलणारे एक मराठी नाटक १९९८ मध्ये आले. त्यावर बंदी, वादविवाद, सगळे झाले. मला त्या वादात शिरायचे नाही. मी फक्त एवढेच म्हणते, की त्या संध्याकाळी गांधीजींचे हात ज्यांच्या खांद्यांवर होते त्या दोन मुली होत्या, मनू आणि आभा. मनूच्या हातात जपमाळ, पिकदाणी आणि वही होती. मारणाऱ्याने तिला बाजूला ढकलले आणि हातातल्या वस्तू खाली पडल्या. दिवाकर असते तर त्यांनी त्या पडलेल्या माळेवर नाट्यछटा लिहिली असती, असे मला वाटते. मारणारा काय म्हणाला हे सगळ्या जगाने ऐकले. माळ उचलायला वाकलेली पोरगी काय म्हणते, हे आपण बायकांनी ऐकायला नको का?

आता अगदी आपल्या दारातली गोष्ट. १६ फेब्रुवारी २०१५, सोमवार. सकाळी फिरून घरी परतताना गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई या दोघांवर आपल्या याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरे २० तारखेला मुंबईत गेले. वय ८१. उमाताईंच्या डोक्याला जबर दुखापत झाली, त्या वाचल्या. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना असेच सकाळी फिरायला गेलेले असताना मारले होते. दाभोलकरांच्या मागे त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी काय केले? नाटक केले. अतुल पेठे यांनी त्यांना शिकवले आणि कार्यकर्ते ‘रिंगणनाट्य’ घेऊन गावोगाव फिरले. वारीत रिंगण होते तसे लोकांनी गोल बसायचे आणि मधल्या मोकळ्या जागेत खेळ करायचा. ना स्टेज, ना तिकीट. आपल्या मंडळाच्या खोलीत स्टेज नाही अशी तक्रार नेहमी असते, तिलाही यात उत्तर आहे.

मी ही सूचना बोलून दाखवली तेव्हा मला दोन आक्षेप ऐकायला मिळाले. दोन्ही मनापासूनचे होते, म्हणून दोन्हींना उत्तर देते.

पहिला आक्षेप, वर्धापनदिन आनंदाचा, तिथे मरणाचे बोलणे कशाला? मैत्रिणींनो, आपण वटपौर्णिमेला, मंगळागौरीला ज्या कहाण्या ऐकतो त्यांत मरण नाही का? सत्यवान मरतो, म्हणून तर सावित्री आहे. आपल्या आया-आज्यांनी जात्यावर बसून सासुरवासाचे, मेलेल्या भावाचे, बुडालेल्या घराचे गाइले आणि पीठही दळले. दुःख तोंडातून काढल्याने अशुभ होत नाही. पोटात ठेवल्याने होते. त्या फेब्रुवारीत दोन-तीन दिवस गल्लीत सगळ्याजणी हळू आवाजात बोलत होत्या. नवरा सकाळी फिरायला निघाला की दारापर्यंत जाऊन बघत होत्या. पुढे सगळे विसरल्यासारखे झाले. पण विसरले कोण? आपण फक्त बोलायचे थांबलो.

दुसरा आक्षेप, हे राजकारण आहे, मंडळात फूट पडेल. पानसरे कुठल्या पक्षाचे होते आणि त्यांचे कोणते मत कुणाला पटत होते, हे मी इथे विचारत नाही. शेजारच्या घरात कुणी गेले तर आपण भाकरी-पिठले घेऊन जातो. जाताना मेलेल्याचा पक्ष विचारतो का? फिरायला गेलेला म्हातारा माणूस आणि त्याची बायको सुखरूप घरी यावीत, यात कुठले आले राजकारण? मत पटले नाही तर बोलावे, भांडावे, वाटल्यास अबोला धरावा. कोल्हापूरकरांना भांडण नवीन नाही. पण मतावर उत्तर गोळी, असे एकदा झाले की मग कुणाचेच तोंड उघडत नाही. आणि तोंड मिटायचे झाले तर सगळ्यांत आधी कुणाचे मिटते, हे मी बायकांना सांगायला नको.

आता हा प्रवेश कसा करावा, याबद्दल चार व्यवहाराच्या गोष्टी.

एक, रंगमंचावर बंदूक आणू नये, खेळण्यातलीसुद्धा. चेकॉव्ह म्हणत असे की भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवली तर ती पुढे उडालीच पाहिजे. मग आपण ती टांगायचीच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. अमेरिकेत २१ ऑक्टोबर २०२१ रोजी सिनेमाच्या चित्रीकरणात नटाच्या हातातल्या बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि हॅलिना हचिन्स ही बेचाळीस वर्षांची कॅमेरावाली बाई मेली. एवढी मोठी कंपनी, एवढी माणसे, तरी हे झाले. आपल्याला तो खेळ नकोच.

दोन, गोळीचा आवाजही नको. पुढच्या सतरंजीवर लहान मुले बसतात, ती दचकतील. बोलणारी बाई बोलता बोलता मध्येच थांबली, कानोसा घेतला, तेवढे पुरे. बघणाऱ्याला आवाज आपोआप ऐकू येतो.

तीन, जी माणसे आजही आपल्यात आहेत, ज्यांनी हे अंगावर सोसले आहे, त्यांच्या तोंडी आपण आपले शब्द घालू नयेत. ते बरे नव्हे. त्यापेक्षा आपल्यातलीच एक बाई घ्यावी. ती सकाळी दारात रांगोळी काढते आहे. आवाज येतो. ती आतल्या माणसाला म्हणते, फटाका असेल, कुणाचे तरी लग्न असेल. मग रस्त्याने माणसे पळताना दिसतात. ती कुणाला तरी विचारते, उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. तिच्या चिमटीतली रांगोळी तशीच राहते. पाच मिनिटांची नाट्यछटा झाली. ती लिहायला मॅट्रिक व्हावे लागत नाही. ती बाई आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिलेली आहे.

चार, क्रम नीट लावावा. आधी पु. लं.ची एकांकिका, मग दिवाकरांच्या दोन नाट्यछटा, मग आपला प्रवेश, आणि शेवटी ‘व्हय, मी सावित्रीबाई’मधला भाग. ‘अस्वल’ या वर्षी जमले नाही तर पुढच्या वर्षी. लोकांना हसवून बसवावे, मग मनातले बोलावे, आणि घरी पाठवताना हिमतीचा शब्द देऊन पाठवावे. सगळे मिळून सव्वा तासाच्या आत बसते. आरती आणि बक्षीस समारंभाला भरपूर वेळ उरतो.

म्हणून माझी विनंती अशी, की ज्यांना वाटेल त्या प्रत्येकीने वहीच्या दोन पानांत मावेल एवढी एक नाट्यछटा लिहावी. विषय हाच, गोळीनंतरचे घर. शुद्धलेखनाची काळजी नको, ते आपल्या शिक्षिका भगिनी बघतील. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येताना कागद आणावेत. सगळ्याजणी मिळून वाचू आणि बहुमताने एक निवडू. कुणालाच पसंत पडली नाही, तर मी आग्रह धरणार नाही. मात्र आधी वाचू, मग ठरवू.

मी फार बोलले.  चहा निवायच्या आत मी बसते.